टेलिफोनवाली नास्त्या

वेस्ना गावाचं टेलिफोन केंद्र म्हणजे नास्त्या पिलिपचुकच्या घराची पुढची खोली. कोणाला कोणाशीही बोलायचं असलं, की आधी तिला सांगायचं. ती बोर्डावर तार जोडून द्यायची. कोणाची गाय व्याली, कोणाचं लग्न मोडलं, सगळं तिच्या कानावरून जायचं. तोंडातून मात्र कधी बाहेर पडलं नाही.

त्या वर्षी गहू उदंड आला होता. तिचा नवरा युर्को शेजारच्या प्रोकोपकाकांच्या कोठारात हातभार लावायला गेला होता. दुपारी काकांचा फोन आला.

“नास्त्या, डॉक्टर लाव. पटकन!”

“काय झालं, काका?”

“तू आधी लाव गं पोरी.”

तिने तार जोडली. कानावरचा फोन बाजूला करायचं मात्र राहून गेलं.

“गव्हाची रास कोसळली, युर्को खाली गाडला गेलाय,” काका डॉक्टरांना सांगत होते.

नास्त्याने संकटाची लांब घंटी वाजवली. घराघरांत फोन उचलले गेले.

“फावडी घेऊन प्रोकोपकाकांच्या कोठारावर पळा. माणूस गव्हाखाली आहे.”

“कुणाचा गं?” म्हाताऱ्या तेक्लाने विचारलं.

“माझा.”

तिलाही धावत सुटायचं होतं. पण डॉक्टर परगावचे, वाट चुकले तर फोन करतील. आणि बोर्ड चालवणारं दुसरं कोणी नव्हतं. ती खुर्चीच्या कडेला बसून राहिली. डॉक्टरांनी खरंच वाटेतल्या एका घरातून फोन करून रस्ता विचारला. तिने न अडखळता सांगितला.

मग बराच वेळ सगळं शांत. फोन पुन्हा वाजू लागले तेव्हा बायका एकमेकींच्या घरचे फोन जोडून मागत होत्या, दबक्या आवाजात. नास्त्याला कोणी काही सांगेना. एकदा तिने तार जोडली आणि ऐकत राहिली.

“काढला गं बाहेर. अंग गरम होतं अजून, पण जीव नव्हता... हळू बोल, नास्त्या असेल मध्ये.”

“आहे,” नास्त्या म्हणाली. “बोला तुम्ही.”

संध्याकाळी तेक्ला येऊन तिला उठवेपर्यंत ती तारा जोडतच होती.

मयताच्या जेवणाला रीतीप्रमाणे मध घालून गहू शिजवले. प्रोकोपकाका दारातच उभे राहिले.

“माझ्याच कोठारात गं...”

नास्त्याने त्यांना हाताला धरून आत आणलं, वाढलं. स्वतः घासही उचलला नाही.

पुढे कितीतरी वर्षं तिने बोर्ड चालवला. प्रोकोपकाकांनी मात्र पुन्हा कधी फोन केला नाही. कोणाला निरोप द्यायचा असला, की चालत जायचे, भर बर्फातसुद्धा.