झोपाळ्याच्या साखळीने बांधलेली गाडी

आमच्या भावोजींच्या तोंडी एक शब्द कायम असतो: ‘आपणच’. नळ गळतोय? आपणच बदलू. भिंतीला ओल आलीय? आपणच बघू. पाणीखात्यात मीटर तपासता तपासता ते निवृत्त झाले, पण तोवर त्यांनी घरात जेवढ्या दुरुस्त्या केल्या, तेवढ्या सगळ्या बाहेरच्या माणसाकडून गुपचूप पुन्हा करून घ्यायला माझी ताई शिकली होती. संसार सुखाचा चालला होता.

गाडी मात्र गुपचूप नेण्यासारखी नव्हती. सतरा वर्षांची ती गाडी, मागचे दोन्ही शॉकअप गेलेले. गतिरोधक आला की डिकीत कुणीतरी कपाट पाडल्यासारखा आवाज यायचा. आणि सोमवारी सकाळी साडेसहाला ताईला गावाबाहेरच्या इस्पितळात हजर व्हायचं होतं. धुलाई विभागाची प्रमुख. त्रेपन्नाव्या वर्षी मिळालेली पहिली नोकरी. पहिली बस आठची, आणि ताई वेळेवर पोचली नाही तर निवडयादीतलं पुढचं नाव तयारच होतं.

“समोरच्या गॅरेजमध्ये टाकू या का?” ताईने शुक्रवारी विचारलं.

“त्यात काय आहे? चार नट काढायचे, चार लावायचे. आपणच करू.”

चार नटांमध्ये एक स्प्रिंग होती, हे शनिवारी सकाळी कळलं. शॉकअपभोवती जाड स्प्रिंग असते, ती दाबून धरल्याशिवाय काही सुटत नाही. दाबायला वेगळं हत्यार लागतं. समोरचा गॅरेजवाला ते हातात घेऊन रस्ता ओलांडून आला होता.

“साहेब, घ्या. वापरून परत करा, बस.”

“नको. डोकं असलं की हत्यार लागत नाही.”

गॅरेजवाल्याने एकवार त्या डोक्याकडे पाहिलं आणि तो परत गेला.

भावोजींची युक्ती अशी: गाडीत मागे माणसं बसवायची, म्हणजे गाडी खाली बसते आणि स्प्रिंग दबते. दबलेली स्प्रिंग साखळीने आवळून बोल्ट मारायचा. मग माणसं उतरली तरी स्प्रिंग दबलेलीच. साखळी त्यांनी बाल्कनीतल्या झोपाळ्याची काढली. झोपाळा त्यांच्या आईंचा. त्यांना सांगायचं मात्र राहून गेलं.

मी भेटायला म्हणून आले होते, पण दारातच मला गाडीत बसवण्यात आलं. मध्ये ताईच्या सासूबाई, एका बाजूला ताई, एका बाजूला मी.

“अरे, कुठे जायचंय आपल्याला?” सासूबाईंनी विचारलं.

“कुठेच नाही, आई. नुसतं बसायचं.”

“मग घरी काय वाईट बसले होते?”

“जरा मागे रेला ना. अजून एक बोट खाली यायला हवं.”

“म्हणजे मी जाड आहे म्हण की सरळ!”

भावोजी गाडीखाली सरकले आणि साखळी आवळू लागले. तेवढा शहाणपणा त्यांच्याकडे होता.

दोन्ही बाजू आवळून झाल्या, आम्ही उतरलो, गाडी जॅकवर चढली आणि लाकडी ठोकळ्यांवर टेकली. पुढचं काम, खोटं कशाला बोला, त्यांनी नीट केलं. वरचा नट फिरवला की आतला दांडाही फिरायचा, म्हणून पकडीने नव्या शॉकअपचा चकचकीत दांडा धरायला ते निघाले, तेव्हा ताई म्हणाली, “अहो, ओरखडा उठला तर तेल गळेल.” तिने पलंग जोडण्यासाठी मिळालेली वाकडी सहाकोनी चावी आणून दिली. ती दांड्याच्या टोकाला अचूक बसली. “हेच म्हणणार होतो,” भावोजी म्हणाले.

रविवारी दुपारी चाकं लागली आणि गाडी जमिनीवर आली. आता साखळ्या काढायच्या. पण आत माणसं नसल्याने गाडी मागून वर उठलेली, साखळ्या तारेसारख्या ताणलेल्या, बोल्ट हलेना. म्हणजे पुन्हा माणसं बसवायला हवीत. ताई बसली, मी बसले. सासूबाई नुकत्याच बाल्कनीत जाऊन आल्या होत्या.

“माझा झोपाळा कुठेय?”

“आई, साखळी गाडीत आहे. तुम्ही बसलात की लगेच निघेल.”

“आधी झोपाळा लाव. मग बसते.”

“साखळी निघाल्याशिवाय झोपाळा कसा लागेल?”

“ते तुझं तू बघ. तुला हत्यारं लागत नाहीत ना?”

त्या आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. आम्ही दोघी डिकीच्या बाजूला सरकून बसलो, श्वास भरून बसलो, शेजाऱ्यांच्या फ्रीजएवढं जड व्हायचा प्रयत्न केला. बोल्ट ढिम्म. पाच वाजले. सहा वाजले. भावोजी गाडीखालून म्हणाले, “सोमवारी तू रजा टाक ना.”

“पहिल्याच दिवशी?” ताई म्हणाली.

ती उतरली आणि रस्ता ओलांडून गॅरेजात गेली. काय बोलली ठाऊक नाही. गॅरेजवाला हात पुसत आला. हत्यार आणलं नव्हतं. त्याने मागचं दार उघडलं आणि आमच्या मध्ये ऐसपैस बसला. तो चांगला शंभर किलोंचा माणूस. गाडी हुस्स करून खाली बसली.

“साहेब, माझ्याकडचं हे मोठं हत्यार. काढा आता.”

दोन्ही बोल्ट निघाले. “खालचे नट गाडीवर वजन असतानाच घट्ट करा,” तो बसल्या बसल्या म्हणाला. भावोजींनी केले, आणि “हेच करणार होतो” असंही म्हणाले. मग तासाभरात झोपाळा लागला, त्यावर सासूबाई लागल्या.

सोमवारी पावणेसहाला ताई इस्त्रीचे कपडे घालून, डबा घेऊन खाली आली, तर भावोजी मागच्या सीटवर, मांडीवर पान्यांची पेटी.

“आवाज ऐकायला नको का? आपणच जाऊ.”

ताईने मागचं दार उघडून धरलं.

“उतरा. आता मागे कुणी बसायची गरज नाही.”

ते पेटी सावरत उतरले. गाडी बोटभर वर आली, कुरकुर न करता. ताई स्टिअरिंगवर बसली आणि निघाली. गाडी कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर चढली तेव्हा भावोजींनी कान टवकारले. काहीच ऐकू आलं नाही. ते तसेच उभे राहिले, पेटी हातात धरून, गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत.