क्लिफर्डची टबातली मंडळी

क्लिफर्ड डेकरला माणसं फारशी आवडत नाहीत, आणि माणसांचंही त्याच्याबद्दल साधारण तेच मत आहे. सार्निया गावात प्लायवूडचा डिंक बनवणाऱ्या कारखान्यात, सांडपाण्याच्या टाक्यांवर, मी त्याच्याबरोबर अर्धं आयुष्य काढलं, पण माझ्या बायकोचं नाव त्यानं एकदाही बरोबर घेतलं नाही. टाकीतल्या जीवाणूंना मात्र शिंक आली तरी त्याला कळतं. आम्ही त्यांना किडे म्हणतो. डिंकाच्या पाण्यातलं फिनॉल, म्हणजे हातावर पडलं तर कातडी सोलून काढणारं विष, हे किडे खातात. आणि क्लिफर्ड त्यांचे लाड करतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही संप केला. कारखाना बंद, म्हणजे टाकीत ना खाणं येणार ना हवा. किडे मरणार हे उघड होतं. नवे आणून त्यांना फिनॉलची सवय लावायची तर महिने जातात. संप मिटल्यावर मालक तोवर थोडाच थांबणार होता, सगळं नदीत सोडून मोकळा झाला असता. खालच्या गावांतली माणसं तेच पाणी पितात. म्हणून शेवटच्या पाळीला क्लिफर्डनं टाकीतल्या, किड्यांनी भरलेल्या गाळाच्या दोन बादल्या ट्रकमध्ये घातल्या आणि घरी नेऊन अंघोळीच्या टबात ओतल्या. नोरीनला, म्हणजे त्याच्या बायकोला, हे दुसऱ्या दिवशी टॉवेल घेऊन आत गेल्यावर कळलं.

"मी अंघोळ कुठे करायची?" तिनं विचारलं.

"तुझ्या बहिणीकडे आहे की टब."

मग थाट सुरू झाला. माशांच्या टाकीला लावतात तसले हवेचे पंप आले. पाणी कोमट राहावं म्हणून घरातला हीटर वाढला आणि नोरीनचं केकचं थर्मामीटर टबात गेलं. पाणी आंबट व्हायला लागलं की खायचा सोडा, अधूनमधून अंगणातल्या गवताला घालायचं खत चिमूटभर. खाण्यात मात्र साहेब चुकले. कुत्र्याचं खाणं दळून घातलं, तेही आग्रह करकरून. किडे असे माजले की फेस दाराखालून जिन्यापर्यंत आला. शिवाय रोज मेजवानी मिळाल्यावर फिनॉलला तोंड कोण लावतो.

तेव्हा त्याला घशात फवारायचं लाल औषध आठवलं, त्यात थोडं फिनॉल असतं. त्यानं गावातली दुकानं रिकामी केली. "कोणाचा घसा बसलाय?" दुकानातल्या बाईनं विचारलं. "सगळ्यांचाच," म्हणून हा बाहेर. जास्त पडलं तर हेच किडे मरतात, म्हणून हा बाबा टबाशी बसून थेंब थेंब घालायचा. नोरीन तापानं फणफणली होती तेव्हा हा तिच्या उशाशी इतका वेळ बसल्याचं मला आठवत नाही. तिलाही आठवलं नसावं, कारण त्याच आठवड्यात ती बॅग भरून बहिणीकडे निघून गेली.

संपात आम्ही कारखान्याच्या गेटवर पहारा द्यायचो, तिथे शेकोटीपाशी आम्ही त्याला सोडला नाही. संघटनेचा म्होरक्या बर्नी म्हणाला, "काय रे, बायको गेली आणि किडे राहिले?"

"किडे भांडत नाहीत," क्लिफर्ड म्हणाला. पण हातातली कॉफी त्यानं तशीच गार होऊ दिली. मला त्याचा राग आला आणि कीवही आली.

पुढच्याच आठवड्यात बर्फाचं वादळ झालं आणि भर दुपारी गावाची वीज गेली. आम्ही गेटवरच होतो; क्लिफर्डचा चेहरा उतरला. पंप बंद म्हणजे हवा बंद, आणि हवेशिवाय ही मंडळी काही तासांत गुदमरतात. माझ्या गाडीतून आम्ही घसरत, थांबत, शिव्या देत निघालो. घर गाठेपर्यंत संध्याकाळ झाली.

"मेले असतील रे सगळे," वाटेत तो एवढंच बोलला.

दार उघडंच होतं. आत नोरीन टबाच्या कडेवर बसली होती. अंगात कोट, बाह्या कोपरापर्यंत वर. सूप वाढायच्या मोठ्या पळीनं ती पाणी उचलत होती, वरून ओतत होती, ढवळत होती. गरम मोजे न्यायला म्हणून आली आणि तेवढ्यात वीज गेली. टबाला ओल्या मातीचा वास होता. कुजल्याचा नव्हता, म्हणजे किडे जिवंत होते.

क्लिफर्ड दारातच थांबून तिच्या लाल झालेल्या हातांकडे बघत राहिला.

"बघतोस काय?" नोरीन म्हणाली. "दुपारपासून ढवळतेय. तुझ्यासाठी नाही, उगाच फुगू नकोस. माझी बहीण त्या नदीचं पाणी पिते."

त्यानं तिच्या हातातून पळी घेतली, तिच्या शेजारी बसून ढवळायला लागला आणि मान खाली घालून म्हणाला, "जेवलीस का?"

मी हळूच बाहेर आलो. हा प्रश्न त्यानं माणसाला विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकला.