वासिलचा न सुटणारा दगड

मॅनिटोबातल्या आमच्या गावात वासिल ह्रिनचुकच्या हातून काही सुटेल तर शपथ! कर्लिंगच्या खेळात बर्फावरून जड दगड सरकवतात; खेळाडूनं घसरत जाताना जाड रेघेच्या आतच तो हातातून सोडायचा असतो. परवा अगदी जिंकायच्या घटकेला वासिलनं आपणहून हात वर केला.

"रेघेपलीकडे सोडला मी. दगड बाद!"

कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं. सामना गेला.

"देवमाणूस आहेस रे!" जिंकलेला कप्तान गहिवरला.

वासिलची बायको ओल्हा फणकारली, "देवमाणूस कसला डोंबलाचा! जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याला बिअर पाजायची, ही आपली रीत. इतके हिवाळे गेले, यानं कधी कुणाला घोटभर तरी पाजलीय?"

वासिलनं ग्लास पुढे केला. "फेस जरा कमी येऊ दे हं," तो कप्तानाला म्हणाला.