आईच्या दोन चेहऱ्यांमधलं अंतर

बाबा आईला ‘ताई’ म्हणायला लागले, तेव्हा ते दोघं गुरुग्रामला माझ्याकडे राहायला आले होते. बाबांची केंद्र सरकारातली जवळजवळ सगळी नोकरी दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहून झाली. मग विसरण्याचा आजार सुरू झाला, आणि मी दोघांना घेऊन आले. मला ते ओळखायचे. आईला मात्र नाही. त्यांच्या डोक्यातली बायको तरुण होती, लांब वेणीची, आणि ती क्वार्टरवर राहिली होती. औषधं देणारी ही पिकल्या केसांची बाई म्हणजे कुणीतरी भली शेजारीण.

“तुम्ही फार करता हो आमचं,” ते आईला म्हणायचे. “आमची ही आली ना, की ओळख करून देतो.”

“बिल्कुल. या म्हणावं त्यांना,” आई म्हणायची आणि समोरचं काम तसंच पुढे चालू ठेवायची.

माझं काम व्हिडिओ एडिटिंगचं. एका कंपनीसाठी मी ट्रेनिंगचे व्हिडिओ करते. आग लागली तर कुठल्या जिन्याने उतरायचं, नव्या माणसाने पहिल्या दिवशी कुणाला भेटायचं, असले. त्यात एक दृश्य जाऊन दुसरं येतं, त्या सांध्याला आम्ही ट्रान्झिशन म्हणतो. पहिलं चित्र विरत जातं आणि त्यातूनच दुसरं उमटतं. ते किती वेळ चालावं हे सॉफ्टवेअरच ठरवून देतं, आणि मी इतकी वर्षं तेच ठेवत आले होते. ऑफिसात कोणी त्याकडे बघतसुद्धा नाही.

बाबांच्या जुन्या हँडीकॅमच्या टेप मी कॉम्प्युटरवर घेतल्या होत्या. त्यातली एक त्यांची फार आवडती. थंडीतली दुपार, क्वार्टरच्या मागची हिरवळ, आई खाटेवर बसून मटार सोलतेय. चाहूल लागून ती मान वर करते, हसते आणि म्हणते, “पुरे झालं हं आता.” हसू ओसरून तिचे ओठ मिटतात, आणि लगेचच बाबांनी कॅमेरा बंद केलाय. हे बघताना ते दरवेळी शेजारी बसलेल्या आईला सांगायचे, “ताई, ही आमची.”

एका शनिवारी आई बाल्कनीत उन्हात मटार सोलत होती. मी सहज मोबाइलवर शूट केलं. तिने मान वर केली. तीच मान, तेच वळण. मी दोन्ही तुकडे टाइमलाइनवर एकापुढे एक ठेवले, लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि बाबांना दाखवलं.

सांधा सरळ होता, एक चित्र संपलं की दुसरं. बाबांनी विचारलं, “ही कुठे गेली? मध्येच ताई कशा आल्या?”

मग मी ट्रान्झिशन टाकलं, सॉफ्टवेअर देतं तेवढंच, एका सेकंदाचं. ते म्हणाले, “टीव्ही बिघडलाय गं.” दुसऱ्या दिवशी मी ते तीन सेकंदांचं केलं. लांबवायला टेपमध्ये पुढे चित्रच शिल्लक नव्हतं, त्यामुळे सुरुवात अलीकडे, तिच्या हसण्यातच ओढावी लागली. तरुण हसऱ्या ओठांवर म्हातारे मिटलेले ओठ आले. बाबा घाबरून खुर्चीतून उठले. “दोन तोंडं! बंद कर!”

“नको छळूस त्यांना,” आई म्हणाली. “नाही ओळखत तर नाही ओळखत. माझं काही अडलंय का?”

अडलेलं मला दिसत होतं. ती हल्ली त्यांच्यासमोर आरशात बघायची नाही.

मी आठवडाभर थांबले. मग डायनिंग टेबलवर बसून ट्रान्झिशनची कड माउसने ओढत, सोडत राहिले. माउस फार ढोबळ चालतो, म्हणून शेवटी आकडे टाइप करायला लागले. एका सेकंदात पंचवीस चित्रं, त्यांना आम्ही फ्रेम म्हणतो. मी एकेक फ्रेम काढत गेले, घालत गेले. हसू संपून ओठ मिटतात त्या क्षणी म्हातारा चेहरा उमटायला लागला पाहिजे, आणि चारही डोळे एका जागी यायला हवेत. दोन सेकंदांच्या किंचित अलीकडे ते जुळलं. मग काय वाटलं कोणास ठाऊक, मी आणखी दोन फ्रेम कमी केल्या.

आई बाबांच्या शेजारी सोफ्यावर बसली होती, मनाविरुद्धच. मी सुरू केलं. हिरवळ, खाट, मान वर, हसू. हसू ओसरलं आणि त्याच चेहऱ्यावर सुरकुत्या उगवत गेल्या, वेणी पांढरी झाली, हिरवळीची बाल्कनी झाली. बाबा पुढे झुकून बघत होते. संपल्यावर त्यांनी सावकाश मान वळवली आणि आईकडे बघितलं. किती वेळ बघितलं, सांगता येणार नाही.

“अगं,” ते म्हणाले, “केस किती पिकले तुझे!”

“पिकणारच,” आई म्हणाली. “ तुमचे काय काळे राहिलेत?”

बाबांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मोठ्याने हसले. “अच्छा! म्हणजे दोघंही म्हातारे झालो!” मग तिचा हात हातात घेऊन त्यांनी तिला बारीकसारीक विचारायला सुरुवात केली. गुडघा दुखतो का, इथे करमतं का, क्वार्टरची किल्ली कुणाला दिली. आई एकेकाचं उत्तर देत होती, खूप दिवसांनी माहेरी आलेल्या मुलीसारखी घाईघाईने.

संध्याकाळी चहाच्या वेळेपर्यंत ते टिकलं. त्यानंतरही त्या हिवाळ्यात कधी साधलं, कधी नाही. डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, “असं होऊ शकतं. का होतं, ते आम्हालाही नीट सांगता येत नाही.” पुढे उन्हाळ्यात बाबा टीव्हीकडे बघेनासेच झाले, तेव्हा मी तो व्हिडिओ लावणं बंद केलं.

पण एकदा मी स्वतःचीच परीक्षा घेतली होती. त्या दोन फ्रेम परत घातल्या आणि दोन्ही व्हिडिओ आलटूनपालटून बघितले, पुन्हा पुन्हा. मला काहीही फरक दिसला नाही. आईला दाखवले, तर ती म्हणाली, “दोन्ही सारखेच आहेत की गं.”