शंभरात की दोनशेत

नवं पुस्तक हातात आलं की सर ते मधूनच उघडत. मुखपृष्ठ नाही, मलपृष्ठ नाही, प्रस्तावना तर नाहीच. मधलं एक पान वाचायचं, मग शेवटचं, आणि चष्मा कपाळावर सरकवून मला विचारायचं, "काय रे, हे विचारतंय की सांगतंय?"

मी वाचनालयाच्या देवघेवीच्या खिडकीवर बसणारा माणूस. मी काहीतरी पुटपुटायचो. तोवर त्यांनी आतल्या पानावर पेन्सिलीनं आकडा टाकलेला असायचा. पुस्तक विचारत असेल तर शंभर, म्हणजे तत्त्वज्ञान. सांगत असेल तर दोनशे, म्हणजे धर्म. आकडे वाचनालयांच्या नेहमीच्या पद्धतीतलेच होते. ही कसोटी मात्र त्यांची स्वतःची.

परळमधलं आमचं वाचनालय गिरणीतल्या माणसांनी वर्गणी काढून उभं केलं. गिरण्या गेल्या. आता त्यांची नातवंडं स्पर्धा परीक्षांची पुस्तकं न्यायला येतात. सर तिथले ग्रंथपाल. त्यांचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर आडनाव ऐकून तुम्ही त्यांना लगेच एखाद्या कपाटात ठेवून द्याल. एवढंच सांगतो, की ते भायखळ्याच्या चाळीतले, बौद्ध घरातले. ठेवलंत ना? असो, आम्हीही तेच केलं होतं.

ते रुजू झाले तेव्हा बुद्धाच्या विचारांवरची झाडून सगळी पुस्तकं धर्माच्या कपाटात, तळाच्या फळीवर होती. फळीला पट्टी होती 'इतर' अशी. फरशी पुसताना पाणी उडून त्यांचे पुठ्ठे फुगले होते. सरांनी तीन महिने एकेक पुस्तक उघडून पाहिलं. जी विचारत होती ती शंभरात वर नेली, बाकीची दोनशेत ठेवली, आणि 'इतर'ची पट्टी नखानं खरवडून काढली. गीतेवरच्या पुस्तकांनाही तोच न्याय. काही वर गेली, काही राहिली.

वाचनालयाचे कार्यवाह तेव्हापासून म्हणायला लागले, की हा आपल्या माणसांना वर चढवतोय. गंमत म्हणजे सरांच्याच चाळीतले एक काका बुद्धवंदनेचं पुस्तक भेट द्यायला आले आणि ते वरच्या कपाटात लावायचा हट्ट धरून बसले. सर म्हणाले, "काका, हे सांगतंय. चांगलं सांगतंय, पण सांगतंय. दोनशेत जाईल." काका पुन्हा आमच्याकडे फिरकले नाहीत. मृदंगासारखा दोन्हीकडून मार. सरांनी मात्र आकडा खोडला नाही.

माझा पराक्रमही सांगायला हवा. एकदा सर रजेवर होते. शून्यवादावरचं, म्हणजे बौद्ध तत्त्वज्ञानाचं, एक पुस्तक सभासदानं परत केलं. मी शून्य वाचलं आणि ते गणिताच्या कपाटात लावून मोकळा झालो. आठ दिवस सर ते शोधत होते. सापडलं तेव्हा टेबलावर डोकं टेकवून हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "चल, 'इतर'मध्ये तरी नाही टाकलंस." मीही हसलो. त्या वाक्यात किती वर्षांचं साचलंय, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

त्यांच्या निवृत्तीला थोडे महिने उरले असताना वाचनालयात कॉम्प्युटर आला. कार्यवाहांनी बैठक बोलावली. लोकांना शंभर-दोनशे कळत नाही, तेव्हा दोन्ही कपाटं एक करायची आणि नाव द्यायचं 'अध्यात्म'. जे त्यात बसणार नाही त्याला खाली एक फळी, 'इतर'. बुद्धाची सगळी पुस्तकं तिकडे, म्हणजे त्यांच्या वाचकालाही शोधायला सोपं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

सर उठले. एवढंच विचारलं, "इतर म्हणजे कोण?"

कार्यवाह हसले. "अहो, मनाला काय लावून घेताय? इतर म्हणजे इतर."

सर माझ्याकडे वळले. "तू वीस वर्षं माझ्या शेजारी बसलायस. तू सांग यांना."

मला सगळं माहीत होतं. कुठलं पुस्तक का वर गेलं, हे मी झोपेतही सांगितलं असतं. पण सर जाणार होते आणि मला कार्यवाहांच्या हाताखाली राहायचं होतं. मी म्हणालो, "मला काय कळतंय सर त्यातलं."

सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि ते बसले. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

निरोपाला शाल, श्रीफळ आणि कुणा महाराजांच्या प्रवचनांचं जाडजूड पुस्तक दिलं. सरांनी ते सवयीनं मधूनच उघडलं, एक पान वाचलं, आणि खिशातली पेन्सिल काढून आकडा घातला. जाताना ते माझ्या खिडकीवर ठेवलं. "दोनशेत लाव," म्हणाले. मला उद्देशून त्यांनी उच्चारलेले शेवटचे शब्द ते.

गेल्या वर्षी सर गेले. मला चार दिवसांनी कळलं. त्याच आठवड्यात, बैठकीत ठरलेल्या कपाटांच्या नावांच्या नव्या चिठ्ठ्या छापून आल्या होत्या. त्या मीच चिकटवल्या. आतल्या पानावर जिथे त्यांचा पेन्सिलीचा आकडा, बरोबर तिथेच चिठ्ठी बसते. इतर, इतर, इतर. अंगठा दाबून दाबून दुखायला लागला.

शून्यवादाचं पुस्तक हातात आलं तेव्हा मी थांबलो. त्याला चिठ्ठी लावली नाही. उठलो आणि ते गणिताच्या कपाटात नेऊन ठेवलं. फार मोठं काही केलं, असं समजू नका. बैठकीत तोंड उघडायचं होतं तेव्हा उघडलं नाही, आता एक पुस्तक लपवतोय.

अजून ते तिथेच आहे. मागं चुकून ठेवलं होतं, तेव्हा आठ दिवस कुणीतरी ते शोधत होतं. या वेळी जाणूनबुजून ठेवलंय, आणि वर्ष झालं, कुणी शोधलेलं नाही.