मामाला हवा सोडवेना

मामाने आयुष्यभर लोकांच्या चाकांत हवा भरली. कमी हवेवर पळवलेला टायर तो नुसत्या तळहाताने ओळखायचा आणि ड्रायव्हरला खाली उतरवून त्याची हजेरी घ्यायचा. "बाजू बघ, बाजू! आतली सुतं तुटलीत. अनवाणी एवढं ओझं वाहशील का तू?" ड्रायव्हर हसायचे. त्यांनी त्याचं नाव 'फुगा' ठेवलं होतं, आणि मामाला ते आवडायचं.

टायरचं दुकान कायमचं बंद केल्यावर त्याने एक जुना लष्करी ट्रक घेतला आणि त्यावर खोली चढवली. दोन पलंग, ओटा, एक खिडकी. रस्ते संपतात तिथून पुढे जायचं, हे त्याचं ठरलेलं होतं. मामीचं नव्हतं.

खोलीला वेळ लागला नाही, चाकांना लागला. मागची जोडचाकं त्याने काढून टाकली. दोन टायरांच्या फटीत दगड अडकला की तो दोघांनाही खातो. त्याऐवजी पुढेमागे एकाच मापाची रुंद चाकं. मागचं चाक पुढच्याने दाबलेल्या वाटेवरून जातं, आणि एकच स्टेपनी कुठेही बसते. दुकानदार टायरची नक्षी दाखवत असताना मामा गुडघ्यावर बसून बाजूवरचे बारीक आकडे वाचायचा, टायर कधी बनला ते. "गोदामात पडून म्हातारा झालाय हा." नट आवळायचे ते समोरासमोरचे, आणि थोडं चालवून पुन्हा तेच नट. मामी म्हणायची, "माझी इतक्यांदा चौकशी केली असतीत तर!"

तिची अट सरळ होती. गावाबाहेर कोरड्या नदीचं रुंद पात्र होतं, नुसती वाळू. "पलीकडे गेलो, तर म्हणाल तिथे येते. रुतलो, तर ट्रक विकायचा. ओसाडीत तुमच्याबरोबर अडकून बसायची मला हौस नाही."

एका रविवारी सकाळी निघालो. मामा चालवत होता, मामी शेजारी, आणि सुट्टी काढून आलेली मी, त्यांची भाची, मागे. काठावर मामा उतरला. वाळूत हवा कमी केली की टायर पसरतो, रुतत नाही, हे त्याने किती ड्रायव्हरांना बजावलं असेल! प्रत्येक चाकाशी तो वाकला, जरासं फुस्स झालं, आणि तो वर चढला.

पात्राच्या मध्यावर ट्रक बसला. इंजिन ओरडत राहिलं, चाकं जागच्या जागी विहीर खणत राहिली. मग मामाने किल्ली फिरवली, आणि वाळूवर नुसतं ऊन उरलं.

"वाळू जास्तच मऊ आहे," तो म्हणाला.

मामीने उतरून चाकाला हवा मोजायचा गेज लावला. "अहो, ही हवा सोडलीत तुम्ही?"

"सोडली की."

"शिंकताना याहून जास्त जाते माणसाची."

मामा आपल्या हातांकडे बघत राहिला. "हात धजत नाही गं."

त्या बोटांना हवा जाण्याचा आवाज म्हणजे कुठेतरी काहीतरी फाटल्याचीच खबर होती. ती खबर आपल्याच हाताने कशी द्यायची?

"व्हा बाजूला," मामीने बाह्या सरसावल्या आणि वॉल्व्ह उघडला.

"बास, बास!"

"बास म्हणायला मी काय ताटात वाढतेय?"

"अगं, बाजू दुमडेल!"

"पसरला पाहिजे असं तुम्हीच सांगता ना?"

"ते लोकांना सांगतो मी!"

शेवटी तो पाठ फिरवून उभा राहिला, ऑपरेशनच्या खोलीबाहेर राहावं तसा. कुठवर सोडायची तो आकडा मात्र त्याने बरोबर सांगितला, पाठमोराच, हळू आवाजात. टायर जेवून लवंडलेल्या माणसाच्या पोटासारखा पसरला. "तुमच्यावरच गेलाय," मामी म्हणाली आणि पुढच्या चाकाकडे वळली.

चाकांपुढची वाळू मी फावड्याने ओढली. मामाने सर्वांत हळू गिअर टाकला. ट्रक कण्हला, हलला, वर आला, आणि पुढची वाळू त्याने पायाखालच्या गादीसारखी घेतली. मामी इतकी हसत होती की तिला खिडकीची दांडी धरावी लागली.

पलीकडे कडक जमीन लागताच मामाने कॉम्प्रेसर लावला. एवढ्या कमी हवेवर पुढे गेलो तर टायर तापतील, म्हणाला. एकेका चाकाशी बसून तो भरवत होता, शीळ घालत. शेवटची टोपी लावल्यावर शीळ थांबली.

"रुतलो होतो आपण," तो म्हणाला. "अट होती."

"रुतलात तुम्ही. काढला मी. यापुढे भरायची तुम्ही, सोडायची मी."

मामा स्टिअरिंगवर बसला आणि ट्रक वळवायला लागला.

"कुठे?"

"घरी."

"म्हणाल तिथे येते, असं म्हटलं होतं मी. मग म्हणा की!"

मामाला इतक्या वर्षांत ठरवून ठेवलेलं एकही ठिकाण आठवेना. समोर एक साधीशी टेकडी होती.

"तिच्यामागे काय आहे ते बघू," तो म्हणाला. मामीने काच पूर्ण खाली केली.