कोरडा जोड

आईने नोकरीची सगळी वर्षं भूगोल शिकवला. फळ्यावर हिमालय काढला की शेवटी पांढरा खडू आडवा धरून ती शिखरांवरून फिरवायची. तो तिचा बर्फ. खरा बर्फ तिने कधी पाहिला नव्हता. निवृत्त झाल्यावर काही दिवसांनी, शेंगा मोडता मोडता ती म्हणाली, "मला एकदा त्यावर उभं राहायचंय. गुडघे आहेत तोवर."

बाबा पेपरमागून म्हणाले, "बर्फच बघायचाय ना? मिरकरवाड्याला जा सकाळी. बंदरावर टनाने उतरतो. हात लावा आणि घरी या."

मी हिमाचलातली एक खिंड शोधली, मे महिन्यातही बर्फ असणारी. सोबत न्यायच्या कपड्यांची माहिती इंग्रजीत आली. आईने ती माझ्याकडून वाचून घेतली आणि मध्येच थांबवलं. "लेयर म्हणजे थर ना? मग थर म्हण." अंगालगतचा थर घाम बाहेर सोडणारा, मधला ऊब धरून ठेवणारा, वरचा वारा अडवणारा. "वातावरणासारखंच की," ती म्हणाली. कित्येक दिवसांनी तिच्या आवाजात वर्गातला उत्साह आला होता.

रत्नागिरीत थंडीचे कपडे शोधणं म्हणजे एक करमणूकच. बाजारातल्या दुकानदाराने माळ्यावरून एक माकडटोपी काढून झटकली. "ताई, एवढंच आहे. तेही महाबळेश्वरला जाणाऱ्यांसाठी ठेवतो." शेवटी सगळं कुरियरने मागवलं. आंब्याच्या पेट्यांनी खोली भरली होती, म्हणून कपडे पलंगावर पसरले. पेंढ्याच्या आणि पिकत आलेल्या आंब्यांच्या वासात ते अगदीच परके दिसत होते. आईने अंगालगतच्या थर्मलचं कापड बोटांनी चोळून पाहिलं.

"हे प्लास्टिक आहे. अंगाला सुतीच हवं."

आमच्याकडे यावर वाद होत नाही. दमट हवेत जन्म काढलेल्या माणसाचा सुतीवर देवासारखा विश्वास असतो. तिने दोघींसाठी थर्मलच्या आत घालायला जाड सुती बनियन आणल्या. मलाही ते अंगाला घट्ट चिकटणारं थर्मल नकोसंच वाटत होतं.

बाबांचा टोमणा मात्र तिने मनावर घेतला होता. तिचा एक जुना विद्यार्थी मासळी निर्यात करणाऱ्या कंपनीच्या शीतगृहात देखरेख करतो. तिने त्याला फोन लावला आणि मग मला सांगितलं, "तिथे निभलं तर जाऊ. नाही तर फळ्यावरचा हिमालय पुरे."

शीतगृहातल्या पुरुषांच्या वर्दळीत कपडे बदलायचे कुठे, म्हणून आम्ही घरूनच सगळं चढवून निघालो. एप्रिलची दुपार, स्कूटर, अंगावर बनियन, थर्मल, उबदार फ्लीस आणि वर विंडचीटर. सिग्नलला टोपली घेऊन उभी असलेली कोळीण आमच्याकडे बघतच राहिली. "अगो, ताप आलाय काय दोघींना?" माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. मी हेल्मेटची काच खाली केली.

विद्यार्थी दारातच उभा होता. पोट सुटलेला, केस पांढरे व्हायला लागलेले, पण आईसमोर हात मागे बांधून. "बाई, शाळेत तुम्ही मला उन्हात उभं करायचात. आज मी तुम्हाला थंडीत उभं करतो." आई म्हणाली, "उगाच करायचे का? वांडपणा कमी होता का तुझा?"

जाड दार उघडलं आणि पांढरी वाफ पायांवरून वाहत आली. आत खोक्यांच्या उंच रांगा, माकूल आणि कोळंबी गोठवलेली. छताजवळच्या नळ्यांवर हिमाची पांढरी पिसं उगवलेली. दार बंद झालं आणि बाहेरचं बंदर, कावळे, होड्यांची इंजिनं, सगळं एकदम पुसलं गेलं. आईने हातमोजा काढून एका नळीवर बोट टेकवलं. तिचं तोंड लहान मुलीसारखं उघडं राहिलं होतं.

मग ती थरथरायला लागली. आधी हनुवटी, मग खांदे. माझीही पाठ ओल्या फरशीला टेकल्यासारखी गार पडली होती. मी दारावर थापा मारल्या.

बाहेर रिकाम्या क्रेटवर बसून ती तळहात चोळत राहिली. परतताना माझ्या खांद्यामागून एवढंच म्हणाली, "नको जाऊया."

संध्याकाळी मी कपडे धुऊन, पिळून मागच्या पडवीत वाळत टाकले. काही वेळाने आई तिथे उभी दिसली, एका हातात थर्मलची बाही, दुसऱ्या हातात बनियन.

"हे वाळलं," ती म्हणाली. "आणि हे बघ, अजून निथळतंय. आपण घामाने भिजून आत गेलो आणि ते पाणी अंगाशी धरून उभ्या राहिलो."

पावसाळ्यात ती प्लास्टिकच्या पिशवीत कोरडी साडी घेऊन शाळेत जायची. एस.टी.तून उतरेपर्यंत भिजायची आणि नकाशांच्या खोलीत साडी बदलून वर्गात शिरायची. ती पिशवी मी लहानपणापासून दाराच्या खुंटीला पाहिलेली. आता तिने बनियन पुन्हा दोरीवर टाकली. "ओल्या साडीत मी कधी तास घेतला नाही. हिमालयात का घेऊ?"

दुसऱ्या वेळी आम्ही सकाळी गेलो. वरचे थर पिशवीत नेले आणि विद्यार्थ्याच्या केबिनमध्ये, पंख्याखाली, कोरड्या अंगावर चढवले. बनियन घरीच राहिली. या वेळी दार बाहेरूनच उघडलं आणि तो ओरडला, "बाई, तास संपला!" आईला बाहेर यायचं नव्हतं.

मे महिन्यात, ट्रेकच्या गटाबरोबर, खिंडीखालचा शेवटचा चढ आम्ही पहाटे सुरू केला. घाम येण्याआधी एक थर उतरवायचा, थांबलं की लगेच चढवायचा, हे आईने तोपर्यंत अंगवळणी पाडलं होतं. मला ते अवघड जायचं. अनोळखी माणसांच्या घोळक्यात जॅकेट काढायचं म्हटलं तरी माझे हात चेनवर अडतात. मी फ्लीस अंगावर ठेवूनच चढत राहिले.

एका मोठ्या खडकाआड सगळे थांबले. आईने पाठपिशवीतून गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी काढली. आत कोरडा जोड, दोघींचा.

"धर रेनकोट," ती म्हणाली. वाऱ्यात फडफडणारा तो आडोसा मी दोन्ही हातांनी घट्ट धरला. कुडकुडत, पुटपुटत तिने अंगालगतचं थर्मल बदललं. मग रेनकोट माझ्या हातातून घेतला.

"आता तू."

"मी ठीक आहे गं."

"मानेवरचे केस ओले आहेत तुझे. मी एकटी वर जाणार नाही."

पलीकडे माणसं चहा पीत होती, हसत होती. मी खडकाकडे तोंड केलं आणि चेन ओढली. थंडी सुरीसारखी लागली. मग कोरडं कापड अंगावरून खाली आलं आणि त्याची ऊब इतकी साधी, इतकी पुरेशी होती की मला रडू येईलसं वाटलं. आई रेनकोट धरून उभी होती, पाठ लोकांकडे, डोळे वर.

खिंडीत पोहोचलो तेव्हा सूर्य नुकताच कड्यावर आला होता. पलीकडे डोंगरांमागे डोंगर होते, आणि त्यांच्यामागे आणखी. आमच्या समुद्राला निदान क्षितिजाची रेघ असते. इथे नजर कुठे टेकवावी तेच कळेना. मला माझा श्वास ऐकू येत होता, आणि शेजारी आईचा.

ती बर्फात उभी होती, घोट्यापर्यंत. थरथरत नव्हती. खाली वाकून तिने आपल्याच पावलाने पडलेल्या खळग्यात बराच वेळ पाहिलं.

"अगं, हा आत निळा आहे."

खरंच होता. सावलीतला सगळा बर्फ निळा होता, फिकट, आतून उजळलेला.

"इतकी वर्षं पांढराच खडू फिरवला," आई म्हणाली आणि हातमोजा काढून त्या निळ्यात बोट बुडवलं.